दसऱ्याला मूल घरी राहिलं म्हणून शाळेचे पाच हजार पौंड बुडत नाहीत

तो मेसेज तुमच्याकडेही आला असणार. इंग्लंडमधल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर ऑक्टोबर जवळ आला की हमखास फिरतो, आरत्यांच्या पीडीएफनंतर नंबर याचाच. मजकूर साधारण असा: ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी सरकार शाळेतली डोकी मोजतं, त्या दिवशी तुमचं मूल गैरहजर राहिलं तर शाळेचे ५,००० पौंड बुडतात, म्हणून त्या दिवशी शाळा चिप्स-पिझ्झाचं आमिष दाखवतात, इंडियाला गेलात तर तोटा दंड लावून तुमच्याकडूनच वसूल करतात, वर्षाच्या मधे ॲडमिशन देतात ती पैशासाठी, मार्चएंडला उरलेले पैसे उडवतात, आणि फ्री जेवणाचा फॉर्म चुकूनही भरू नका, व्हिसाला नडेल. खाली जोडलेले हात आणि 'सर्व पालकांपर्यंत पोचवा'.

मी एका प्रायमरी शाळेच्या ऑफिसात काम करते, सेन्ससचं, म्हणजे या मोजणीचं, रिटर्न माझ्याच गळ्यात असतं. मेसेज सगळाच खोटा असता तर बरं झालं असतं, दोन ओळी लिहून सोडून दिला असता. पण त्यात एक गोष्ट चक्क खरी आहे, एकदोन अर्धवट, आणि बाकीचं आपल्याकडच्या सरकारी कारभाराच्या आठवणीवरून ठोकून दिलेलं. म्हणून एकेक घेते.

'गैरहजर राहिलं की पैसे गेले.' नाही हो. मोजतात ती पटावरची नावं, बाकावरची डोकी नाहीत. त्या गुरुवारी मूल आजारी असो, आजीकडे नाशिकला असो, नाव पटावर आहे ना, मग ते मोजलं जातं. आपल्या लोकांना हे पटत नाही त्याचं कारण मला वाटतं २०११ची पटपडताळणी. महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीन दिवस ती मोहीम झाली होती, मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावलेली, कारण तिथे प्रश्नच हा होता की पटावरची मुलं खरंच आहेत का. ते ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांना इथेही कुणीतरी शाईची बाटली घेऊन येणार असं वाटतं. इथे कुणी येत नाही, आम्ही कॉम्प्युटरवरून फाइल पाठवतो, आणि चुका निस्तरायला त्यानंतर काही आठवडे मिळतात.

२०२५ला तर गंमतच झाली, सेन्ससचा दिवस २ ऑक्टोबर आणि दसराही त्याच दिवशी. मेसेज नेहमीपेक्षा दुप्पट फिरला, 'सण असला तरी पाठवा' असं शेपूट जोडून. सणासाठी एक दिवस घरी ठेवायला शाळेची परवानगी मिळते, हजेरीत त्याचा वेगळा कोड आहे, आधी कळवायचं फक्त. कितीतरी घरातली मुलं त्या दिवशी आपट्याची पानं वाटत होती आणि फंडिंगच्या मोजणीत तरीही होती.

५,०००चा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. २०२५-२६ला प्रायमरीच्या एका मुलामागे किमान ४,९५५ पौंड आणि सेकंडरीत ६,४६५ पौंड असा सरकारचा खालचा आकडा होता, कुणीतरी तो ऐकला आणि गैरहजेरीला चिकटवला. नाव खरोखर पटावरून जायचं तर गोष्ट बरीच लांबावी लागते, म्हणजे परवानगीशिवाय सलग २० शाळेचे दिवस मूल नाही आणि शाळा आणि काउन्सिल (इथली नगरपालिका म्हणा) दोघांनी शोधूनही पत्ता नाही, असं काहीतरी. एका गुरुवारच्या सर्दीने ते होत नाही.

'चिप्सचं आमिष.' हे खरंय! अगदी खरं, आणि आम्हीच ते करतो. पण कारण वेगळं आहे. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या सगळ्यात खालच्या तीन वर्गांना २०१४पासून दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट आहे, आणि त्याची ग्रँट ठरते सेन्ससच्या दिवशी किती मुलांनी शाळेचं जेवण घेतलं यावर. इथे खरोखर ताटं मोजली जातात. एका जेवणाचे २०२५-२६चे २ पौंड ६१ पेन्स, गुणिले १९० दिवस, म्हणजे मुलामागे वर्षाचे ४९५ पौंड ९० पेन्स. हिशोब ऑक्टोबर आणि जानेवारी अशा दोन सेन्ससची सरासरी काढून होतो, त्यामुळे एका दिवशी एक मूल जेवलं नाही तर साधारण २४८ पौंडांचा फरक. पाच हजार नाही, पण दहा मुलांनी डबा आणला तर अडीच हजार होतात आणि छोट्या शाळेला ते झोंबतात.

म्हणून मग त्या गुरुवारी आमच्याकडे रोस्ट नसतं, शुक्रवारचे फिश फिंगर आणि चिप्स एक दिवस आधी येतात, आदल्या दिवशी पालकांना 'उद्या डबा देऊ नका प्लीज' असा मेसेज जातो, आणि सकाळी साडेनऊला मी वर्गावर्गातून आलेले आकडे किचनशी जुळवत बसते, हातात लाल बँड ते मीटवाले, हिरवा ते व्हेज, आणि डबेवाले वेगळे. एकदा इयर वनमधला एक मराठी मुलगा पोळीचा रोल घेऊन आलाच, आईने मेसेज वाचला नव्हता. चिप्सचा वास आल्यावर त्याने स्वतःच डबा दप्तरात परत टाकला आणि रांगेत जाऊन उभा राहिला, मी काहीही न बोलता. ताट मोजलं गेलं. वरच्या वर्गातल्या मुलांना ही ग्रँट नाही, त्यांनी त्या दिवशी काय खाल्लं याने या हिशोबात काही फरक पडत नाही. लंडनमध्ये मेयरच्या पैशातून त्यांनाही फुकट मिळतं, पण तो हिशोब निराळा.

'दंड शाळेच्या खिशात.' एक पेनीही नाही. दंड काउन्सिलकडे जातो, तिच्या त्या कामाच्या खर्चासाठी. ऑगस्ट २०२४पासून २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६०, आणि तो प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे, म्हणजे दोघं आईबाप आणि दोन मुलं असली तर लवकर भरूनही ३२०. महाग आहे, चिडा जरूर, पण शाळेवर चिडून उपयोग नाही, आम्हाला त्यातून फक्त कागदपत्रं मिळतात.

'मधेच ॲडमिशन देतात ती पैशासाठी.' याचं मला सगळ्यात जास्त हसू येतं कारण गोष्ट बरोबर उलटी आहे. ऑक्टोबरच्या गुरुवारी मोजलेलं मूल पैसे आणतं ते पुढच्या वर्षी. काउन्सिलच्या शाळांना येत्या एप्रिलपासून, ॲकॅडमींना, म्हणजे काउन्सिलच्या हाताखाली नसलेल्या सरकारी शाळांना, तर त्याच्याही पुढे सप्टेंबरपासून, कारण त्यांचं आर्थिक वर्षच १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. म्हणजे नोव्हेंबरात इंडियातून आलेलं तुमचं मूल आम्ही घेतो, खुर्ची देतो, वह्या देतो, इंग्रजीसाठी जास्तीची मदत लागली तर तीही, आणि त्याच्या नावाची मूळ रक्कम पुढच्या ऑक्टोबरची मोजणी होऊन तिचं बजेट येईपर्यंत येतच नाही. जागा असली की घ्यावंच लागतं, म्हणून घेतो. घ्यायलाही हवं, ते वेगळं सांगायला नको.

तारखेची खरी मारामारी होते ती सप्टेंबरात घर बदललेल्या मुलांवरून. प्रत्येक मुलाला १३ अक्षरी नंबर असतो, आणि जुन्या शाळेने नाव काढलं नाही आणि नवीनने घातलं तर एकच नंबर दोन शाळांच्या फाइलीत दिसतो आणि मग ईमेलवर ईमेल, तुमच्याकडे होता का, शेवटचा दिवस कुठला, आमच्याकडे तर सोमवारपासून येतोय. इतकंच करा, घर बदललंत की जुन्या शाळेला लेखी कळवा, कोणत्या तारखेपासून आणि कुठल्या शाळेत ते. त्या गुरुवारी मूल हजर असण्यापेक्षा आम्हाला याची मदत फार होते.

'मार्चएंड.' हा शब्दच सांगतो मेसेज कुठे शिजलाय. काउन्सिलच्या शाळांचं वर्ष ३१ मार्चला संपतं खरं, पण शिल्लक राहिलेलं बजेट पुढे नेता येतं, परत जात नाही. फारच जास्त शिल्लक ठेवली तर काउन्सिल विचारू शकते, कधी त्यातलं काही काढूनही घेऊ शकते, एवढंच. ॲकॅडमींना मार्चशी तसंही घेणंदेणं नाही. एक अपवाद आहे, खेळाच्या ग्रँटचा, ती त्याच शैक्षणिक वर्षात खर्च करावी लागते, म्हणून जुलैत नवीन बॉल दिसले तर तेवढी शंका घ्या हवं तर.

आता फॉर्म. मेसेजमधला हा भाग मला खरोखर घातक वाटतो.

शाळेचं फुकट जेवण व्हिसाच्या नियमातल्या 'पब्लिक फंड्स'च्या, म्हणजे व्हिसावर असताना घेता न येणाऱ्या सरकारी मदतीच्या, यादीत नाही, शाळेचं शिक्षणही नाही. सेन्ससमधून मुलांचं नागरिकत्व २०१६पासून विचारायला लागले होते, तेव्हा खूप बोंब झाली, कित्येक पालकांनी उत्तरच दिलं नाही, आणि २०१८ला तो रकाना काढून टाकला. भीती त्या वेळची आहे, रकाना आता नाही. आणि सरळ सांगायचं तर आपल्यातल्या आयटीवाल्या बऱ्याच घरांना उत्पन्नाच्या अटीमुळे हा फॉर्म लागू होत नाही, त्यांनी डोकं शिणवायची गरज नाही.

पण ज्यांना लागू होतो ते तीन खालच्या वर्गांत असतील तर म्हणतात, जेवण तर मिळतंच आहे, फॉर्म कशाला. त्यासाठीच हे लिहायला बसले. तो फॉर्म नुसता जेवणाचा नाही. त्यावरून 'प्युपिल प्रीमियम', म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी शाळेला मिळणारे जास्तीचे पैसे, ठरतो, २०२५-२६ला प्रायमरीत मुलामागे १,५१५ पौंड, आणि एकदा नाव लागलं की पुढची सहा वर्षं मोजलं जातं, मधे परिस्थिती सुधारली तरी. आणि त्याला मात्र तारीख आहे, तोच ऑक्टोबरचा गुरुवार. त्या दिवसापर्यंत नाव यादीत हवं, नाहीतर गोष्ट एक वर्ष पुढे.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही इतपत. इथेच सेटल झालेलं कुटुंब, नवऱ्याचे कामाचे तास कमी झालेले, युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाला मिळणारा सरकारी भत्ता, सुरू. सप्टेंबरात फॉर्मची दोनदा आठवण केली, आई म्हणाली बघते. सेन्ससच्या गुरुवारी मुलगी आली ती तापलेली, डोळे लाल, साडेदहाला आम्हीच फोन करून आईला बोलावून घेतलं. काउंटरपाशी मुलीला कोट चढवताना आई म्हणाली, माहीत होतं बरं नाहीये, पण तो मेसेज आला होता ना, म्हटलं शाळेचं नुकसान नको.

फॉर्म तिने दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी भरला.