डेंगळा

उद्या चंपाषष्ठी. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, त्यामुळे नैवेद्याला भरीत, भाकरी आणि कांद्याची पात पाहिजेच. चातुर्मासापासून कांदा-वांगं बंद ठेवणारी कितीतरी घरंही उद्याच ते पुन्हा सुरू करतात. हे आपल्याला ठाऊक असतं तसं भाजीवाल्यांनाही असतं, म्हणून आदल्या दिवशी जुडीचा भाव चढतो आणि जुडी मात्र रोडावते. वर हिरवीगार, सुतळी सोडली की आत चिखल, गवत आणि पाणी मारून मारून कुजलेला पाला. कापल्यावर जेमतेम वाटीभर उरते. यावर कुणी मोर्चा का काढत नाही?

असो. त्यातल्या त्यात बरी जुडी उचलली, तोच खांद्यामागून एक हात आला आणि ती काढून घेतली.

"ही घेताय?"

माकडटोपी, कापडी पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. मी होय म्हटलं.

"ही पात दाबा. पोकळ आहे, बसली. बरोबर? आता हा मधला दांडा दाबा."

मी दाबला. भर मंडईत, पन्नाशीचा माणूस, ओळखदेख नसलेल्याच्या हुकमावरून दांडा दाबत होतो.

"बसला का? नाही. डेंगळा आहे हा! फुलावर आलेला. जन्मात शिजायचा नाही."

"अहो काका, एकच तर आहे."

"सुरुवातीला एकच दिसतो." मग चष्मा वर करून, "हे पांढुरके चट्टे पाहिलेत? फुलकिडे. रस शोषतात. करणार काय याचं?"

"भरीत. उरलेल्याची पीठ पेरून भाजी."

"करतं कोण?"

"मीच."

यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग ऐका. पांढरा भाग आधी परतायचा, हिरवा मागाहून. झाकण ठेवलंत तर रंग गेलाच समजा. आणि कूट घालू नका." कुटाचा विषय मी काढलाच नव्हता! मागे रांग खोळंबलेली, पण काका आता शेतीकडे वळले. "खरं तर पात विकत घ्यायचीच नसते. टोपलीतला कोंब आलेला कांदा कुंडीत खोचायचा, मुळं खाली. पात आली की वरून कापायची, पुन्हा फुटते."

"मग तुम्ही इथे कसे?"

काका क्षणभर गप्प झाले. "कबुतरं," एवढंच म्हणाले.

"ओ, घ्यायचंय का ठेवायचंय?" भाजीवाली मावशी कावली.

"घ्यायचंय," म्हणत काकांनी माझी जुडी त्यांच्या पिशवीत टाकली, सुट्टे पैसे मोजून दिले आणि जाता जाता मला समजावलं, "डेंगळा काढून टाकला की बाकी उत्तम आहे."

टोपलीत आता पिवळ्या शेंड्यांची एकच जुडी उरली होती. मावशीनं तीच पुढे केली, भाव तोच.

"नैवेद्यालाच ना? मग घ्या की. देव काय दाबून बघतोय?"