डावीकडे फिरवा, डावीकडे!

मे महिन्यात आमच्या नागपूरच्या घरी दुपारी आंघोळीला जाणाऱ्या पाहुण्याला टॉवेलसोबत एक सूचनाही मिळते : "नळाची दांडी डावीकडे फिरवा, लालकडे." पाहुणा हसतो. यजमान मोठा गमत्या दिसतो, असं त्याला वाटतं. आतून पहिली किंकाळी आली की त्याचा गैरसमज फिटतो.

आमची टाकी काळी, गच्चीवर. पाइप गच्चीभर आडवा लोळून पश्चिमेच्या भिंतीवरून खाली येतो. बाहेर ४५ अंश. म्हणजे निळ्या बाजूने जे पाणी येतं, त्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते. गीझर मात्र होळीनंतर बंद. सकाळी गार असताना त्यात भरलेलं पाणी फोमच्या अस्तरामुळे दुपारपर्यंत तसंच राहतं. ज्या अस्तराने ऊन पाणी ऊन ठेवायचं, ते इथे गार पाणी गार ठेवतं. थोडक्यात, आमच्याकडे लाल म्हणजे थंड. नवतपा लागला की घरातली सगळ्यात थंड वस्तू दोनच : माठ आणि गीझर.

पण गीझर १५ लिटरचा असला तरी गारवा काही १५ लिटर पुरत नाही. त्यात पाणी खालून शिरतं आणि वरून बाहेर पडतं. थंडीत हे ठीक आहे. गार पाणी तळाशी बसतं, ऊन पाणी वरच्या वर निघतं. उन्हाळ्यात खालून शिरतं तेच मुळी तापलेलं. ते हलकं, म्हणून तडक वर चढतं आणि सगळ्यांच्या आधी दारात उभं. एक बादली निघेपर्यंत गारव्याचा खेळ खल्लास! म्हणून आमच्याकडे आंघोळीचे नंबर लागतात आणि त्यावरून भांडणंही होतात.

आता ही दांडी. पूर्वी दोन नळ होते, दोन चाव्या होत्या, आंधळ्यालाही कळत. बाथरूम नवं केलं तेव्हा एका दांडीचा गुळगुळीत, चकचकीत नळ बसवला. लाल-निळे ठिपके तांदळाच्या दाण्याएवढे, तेही दांडीच्या पोटाखाली. चष्मा बाहेर ठेवून, डोळ्यांत साबण घेऊन, ओणवं होऊन ते वाचायचे. शिवाय साबणाच्या हाताने दांडी धरली की मासोळीसारखी सुळकन निसटते आणि नेमकी नको तिथे जाऊन थांबते. टॉवेलचा रॉड शॉवरच्या थेट खाली आहे. फरशीचा उतार जाळीकडे सोडून दाराकडे आहे. त्यावर मी काही बोलत नाही, मिस्त्री नात्यातला आहे.

प्लंबरला बोलावलं. त्याने पाण्याखाली बोट धरलं, झटकलं आणि म्हणाला, "भाऊ, नळ बराबर आहे. पाणीच उलटं येऊन राहिलं."

गेल्या मेमध्ये नाशिकचे साडभाऊ आले. त्यांना सगळं समजावलं. पण बाथरूमचे दिवा, पंखा आणि गीझर असे तिन्ही स्विच बाहेर एका ओळीत आहेत, तिळ्या भावांसारखे. साडभाऊंनी दिव्यासाठी तिन्ही दाबले आणि आत जाऊन निवांत दाढीला बसले. वीस मिनिटांनी शॉवर.

"निळं पोळतंय हो!"

"डावीकडे फिरवा, डावीकडे!" ही ओरडली.

मग जो आवाज आला, तो ऐकून शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

"भाऊजी, काय झालं?"

"लाल त्याहून पोळतंय!"

शेवटी दाराच्या फटीतून त्यांना माठातलं पाणी तांब्या-तांब्याने पुरवलं. बाहेर आले ते कानाच्या पाळीला साबण तसाच. कूलरसमोर पाठ करून बसले, पन्ह्याचा ग्लास संपवला आणि पहिला प्रश्न विचारला, "संध्याकाळची गाडी किती वाजता आहे?"