‘फायरवॉल बंद करा’ म्हणे! घरच्या गेम सर्व्हरच्या फॉरवर्डला उत्तर

‘फक्त १५ हजारांत घरचा गेम सर्व्हर, ५० मित्र, भाडं शून्य!’ असा एक मेसेज पोरांच्या ग्रुपांमधून फिरतोय. (गेम सर्व्हर म्हणजे ज्या मशीनला सगळे मित्र इंटरनेटवरून जोडून एकत्र खेळतात ते.) परवा तो भाच्यापर्यंत पोचला आणि स्वारी यादी घेऊन दुकानाकडे निघाली, म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेज ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात. सर्व्हरला सर्व्हरचाच प्रोसेसर लागतो, तेव्हा इंटेलचा जुना २८ थ्रेडचा (एका वेळी २८ कामं हाताळणारा) झिऑन घ्या. ग्राफिक्स कार्ड नको. रॅम ३२ जीबी टाका आणि त्यातली ३० जावाला, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरला, द्या. माइनक्राफ्ट या गेमची १.१६ आवृत्ती हलकी, तीच लावा. जार फाइल (सर्व्हरचा प्रोग्रॅम) खालच्या ड्राइव्ह लिंकवर आहे. ऑनलाइन-मोड ‘फॉल्स’ करा म्हणजे गेम विकत न घेतलेलेही खेळतील. राउटरमध्ये २५५६५ पोर्ट (बाहेरून आत येण्याचं क्रमांकाचं दार) उघडा. नाही चाललं तर डीएमझेड, म्हणजे त्या मशीनचे सगळेच पोर्ट बाहेर उघडणारी सोय, चालू करा. तरी नाही चाललं तर फायरवॉल (बाहेरून नको ते आत येऊ न देणारी भिंत) बंद करा. आणि शेवटी, जुना लॅपटॉप असेल तर तोही चालतो.

सुरुवात फायरवॉलपासूनच करतो, कारण अख्खं घर उघडं पडतं ते तिथूनच.

पोर्ट उघडूनही मित्र आत येत नाहीत, हे खरं आहे आणि वारंवार होतं. पण बहुतेक वेळा दोष फायरवॉलचा नसतो. तुमच्या राउटरला सार्वजनिक, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा, आयपी पत्ता मिळालेलाच नसतो. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते पुरत नाहीत, म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या दस्तऐवजाने १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा ४१,९४,३०४ पत्त्यांचा पट्टा राखून ठेवला आहे. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो या पट्ट्यातला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटमागे आहात. दोन मिनिटांचं काम आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते केलेलं दिसत नाही.

सीजीनॅटमागे पोर्ट फॉरवर्डिंग करणं, म्हणजे राउटरमध्ये पोर्ट उघडणं, हे आपल्या फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून पाहुण्यांची वाट बघण्यासारखं. खाली सोसायटीच्या गेटवर वॉचमनला पाहुणा कुणाकडे पाठवायचा हेच ठाऊक नाही. त्यात डीएमझेड चालू करणं म्हणजे दाराबरोबर खिडक्याही उघडणं. पाहुणा तरीही गेटवरच.

मग मेसेज म्हणतो, फायरवॉल बंद करा. खरा घात इथे आहे. बऱ्याच जोडण्यांवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) आपोआप सुरू असतो आणि त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो: बाबांचा ऑफिसचा लॅपटॉप, टीव्ही, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, सगळ्यांना. या उपकरणांच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये राउटरची फायरवॉल हीच मुख्य भिंत असते. म्हणजे आयपीव्ही४ वर जो उपाय मुळीच लागू पडत नाही, तोच आयपीव्ही६ वर अख्खं घर उघडं टाकतो. आणि नशिबाने सार्वजनिक आयपीव्ही४ मिळालेला असेल, तर डीएमझेडमुळे त्या मशीनचा विंडोजचा फाइल शेअरिंगचा ४४५ आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हे पोर्टही बाहेर दिसू लागतात. गेमला हवा असतो एकच: माइनक्राफ्ट जावाला टीसीपी २५५६५, टेरारिया या गेमला ७७७७, फॅक्टोरिओ या गेमला यूडीपी ३४१९७ (टीसीपी आणि यूडीपी हे पोर्टचे दोन प्रकार).

सीजीनॅटवर खरे उपाय चार. मित्र पाच-सहाच असतील तर सर्व्हरवर आणि प्रत्येकाच्या मशीनवर टेलस्केल हे खासगी जाळं बांधणारं सॉफ्टवेअर टाका. पोर्ट उघडण्याची गरजच उरत नाही. (टेलस्केलही याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते वाटतं. ते बघून सीजीनॅटचा गोंधळ करून घेऊ नका.) दुसरा, कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा सार्वजनिक) आयपी घेणं. तिसरा, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्वांत छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा बोगदा घरापर्यंत आणणं. व्हीपीएस सिंगापूरचा घेतलात तर पुण्याहून नाशिकला जाणारं माहितीचं पाकीट समुद्रापार जाऊन येईल. चौथा, आयपीव्ही६ वर त्या एका मशीनचा तो एकच पोर्ट उघडणं. मात्र मित्राकडेही आयपीव्ही६ हवा.

काहीही केलंत तरी चाचणी घरच्या वाय-फायवरून करू नका. कित्येक राउटरना आतूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर जाता येत नाही, आणि मग चालू असलेला सर्व्हर बंद वाटतो. वाय-फाय काढा, लॅपटॉप मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि मग जोडून बघा. ‘डीएमझेड चालू करा’ हा सल्ला निम्म्या वेळा या फसव्या चाचणीतूनच जन्मतो, असा माझा दाट संशय आहे.

आता ऑनलाइन-मोड. ही ओळ ‘ट्रू’ असते तेव्हा येणारा खेळाडू खरंच त्या खात्याचा मालक आहे का, हे सर्व्हर मोजांगकडे (माइनक्राफ्टच्या कंपनीकडे) विचारून घेतो. ‘फॉल्स’ केलं की तो विचारणं सोडतो आणि जो जे नाव सांगेल ते खरं धरतो. तुमचं ऑपरेटरचं (सगळे हुकूम देता येणाऱ्याचं) नाव घेऊन कुणीही आत आला की तो ऑपरेटर. मग दुनिया उडव, सगळ्यांना बॅन कर, सर्व्हर बंद कर. व्हाइटलिस्ट (ठरावीक नावांनाच प्रवेश देणारी यादी) लावली तरी उपयोग नाही, कारण या मोडमध्ये खेळाडूची ओळख नावावरूनच बनते आणि नाव तर तो चोरूनच आणतोय. २५५६५ पोर्ट शोधत फिरणारे बॉट इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात, तेव्हा ‘आमचा पत्ता कुणाला माहीत आहे’ हा युक्तिवादही नको. ऑनलाइन-मोड ट्रू, व्हाइटलिस्ट ट्रू, एन्फोर्स-व्हाइटलिस्ट ट्रू. ऑपरेटर एकच. आरकॉनचा, म्हणजे लांबून सर्व्हरला हुकूम देण्याच्या सोयीचा, २५५७५ पोर्ट बाहेर कधीच उघडू नका, त्यावरून पासवर्ड उघडा जातो.

आणि १.१६ हलकी म्हणून लावायची? डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल नावाचं भोक उघडकीला आलं, नोंद सीव्हीई-२०२१-४४२२८, तीव्रता १० पैकी १०. जावा जगतातल्या लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत ते होतं. माइनक्राफ्टपुरतं सांगायचं तर चॅटमध्ये एक ठरावीक ओळ टाइप केली की सर्व्हर चालवणाऱ्या मशीनवर परक्याला हवा तो कोड चालवता येत असे. नुसत्या चॅटमधून! मोजांगने १.१८.१ मध्ये ते बुजवलं आणि जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळी कॉन्फिग फाइल व स्टार्टअपचा पर्याय दिला. तो न लावता चालवलेला मूळ १.१६.५ चा सर्व्हर आजही उघडाच आहे. त्यावर फायरवॉल बंद, ऑनलाइन-मोड फॉल्स, आणि जार फाइल कुणा अनोळख्याच्या ड्राइव्हवरची, जिच्यात त्याने काय भरलंय ते त्यालाच ठाऊक. इतक्या गोष्टी एकत्र आल्या की हा अडाणीपणा आहे की कावा, असा प्रश्न पडतो. सर्व्हर फाइल माइनक्राफ्टच्या किंवा पेपरच्या (माइनक्राफ्ट सर्व्हरची प्लगइन घेणारी, वेगवान केलेली आवृत्ती) अधिकृत साइटवरून घ्या, १.२०.५ पासून पुढे जावा २१ किंवा त्याहून नवं लागतं ते टाका, आणि चालवायला साधं यूझर खातं ठेवा, ॲडमिनचं नको.

पुढे प्रोसेसर. इथे मेसेज नुसता चुकत नाही, उलटा चालतो.

माइनक्राफ्ट सर्व्हर सेकंदाला २० टिक मोजतो. म्हणजे गेममधले प्राणी, रेडस्टोन आणि हॉपरसारखी यंत्रं, पिकं, सगळ्यांचा हिशोब ५० मिलिसेकंदांत उरकायचा असतो, आणि हे काम मुख्यतः एकाच थ्रेडवर होतं. एका टिकला ७० मिलिसेकंद लागले की वेग सेकंदाला १४ टिकवर येतो: फोडलेला ठोकळा परत उगवतो, दार उशिरा उघडतं, आणि लॉगमध्ये ‘कान्ट कीप अप’ची ओळ येते. तेव्हा तुमचे उरलेले २७ थ्रेड काय करतात? बसून असतात. एका पोळीवर चौदा जणींनी लाटणं धरलं तर ती लवकर लाटली जात नाही.

मेसेजमधला झिऑन बहुधा ई५-२६८० व्ही४ असणार, कारण चिनी एक्स९९ बोर्डांबरोबर तो सर्रास विकला जातो: १४ कोअर, टर्बो (कमाल वेग) जेमतेम ३.३ गिगाहर्ट्झ, १२० वॅट, २०१६ सालचा. त्याच्यासमोर ऑफिसांतून निघालेला आठव्या पिढीचा आय५-८५०० ठेवा: ६ कोअर, टर्बो ४.१ गिगाहर्ट्झ, ६५ वॅट, शिवाय आर्किटेक्चर नवं. एका थ्रेडच्या शर्यतीत म्हातारा झिऑन कुठेच नाही. रिफर्बिश्ड दुकानात डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर यांचे छोटे डबे मिळतात. नावाच्या शेवटी ‘टी’ असलेला प्रोसेसर (आय५-८५००टी) ३५ वॅटचा असतो आणि त्याचा टर्बो ३.५ वर थांबतो. सहा-आठ जणांना तोही पुरतो, पण भाव सारखाच असेल तर ‘टी’ नसलेला घ्या. नवीनच जुळवायचं असेल तर आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड.

जास्त कोअर कामाला येतात ते नवी जमीन तयार होताना. तेवढं खरं आहे, नाइलाजाने मान्य. पण ते काम खेळाआधीच उरकता येतं: चंकी हे जमीन आधीच बनवून ठेवणारं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाका, त्रिज्या ३,००० ठेवा, म्हणजे ६,००० बाय ६,००० ठोकळ्यांचा चौकोन, साधारण १,४०,६२५ चंक (१६ बाय १६ ठोकळ्यांचे जमिनीचे तुकडे). रात्री लावून झोपा आणि मग वर्ल्ड बॉर्डर तिथेच बांधा. पेपरवाल्यांची फोलिया आवृत्ती दुनियेचे तुकडे करून वेगवेगळ्या थ्रेडवर चालवते, हेही खरं. पण ती शेकडो खेळाडू लांब लांब पसरलेल्या सर्व्हरसाठी. एकाच गावात घरं बांधणाऱ्या आठ पोरांचा तुकडा एकच राहतो. मेसेजमधले ‘५० मित्र’ मीही आकड्यापुरतेच धरतो. वालहाइम हा गेम तर मुळात दहाच जणांना घेतो.

ग्राफिक्स कार्ड लागत नाही, हे बरोबर. सर्व्हर काही चितारत नाही. गंमत अशी की झिऑन ई५ मध्ये डिस्प्लेची सोय नसतेच, त्यामुळे कार्डाशिवाय मॉनिटरवर काही उमटणार नाही आणि काही बोर्ड सुरूच होणार नाहीत. याच कारणाने आय३-१२१००एफ मधला ‘एफ’ही टाळा.

रॅमचं थोडक्यात. ३२ पैकी ३० जावाला दिले तर ऑपरेटिंग सिस्टिमला श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि लिनक्स असेल तर मेमरी संपताच तो नेमका सर्व्हरच मारतो. पेपरवर सहा-आठ जणांना ४ ते ६ जीबी, जड मॉडपॅकला (गेममध्ये भर घालणाऱ्या फाइलींच्या संचाला) ८ ते १०. जावाला दिलेल्या रॅमचा किमान आणि कमाल आकडा सारखाच ठेवा. एकूण १६ जीबी पुष्कळ, ८ च्या दोन पट्ट्या. पालवर्ल्ड हा गेम चालवायचा तर १६ हीच सुरुवात. लॅग आला की रॅम वाढवण्याआधी व्ह्यू-डिस्टन्स (खेळाडूला किती चंक लांबचं दिसावं ते) बघा. तो १० असतो तेव्हा एका खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक भरावे लागतात. ६ केला की १६९. सिम्युलेशन-डिस्टन्सही (किती चंक लांबपर्यंत हालचाल चालू ठेवायची ते) १० वरून ६ वर आणा. डिस्क एसएसडी हवी, साधी साटा २५६ जीबीचीही चालते. लॅन केबल लावा, सर्व्हर वाय-फायवर ठेवू नका.

‘भाडं शून्य’ म्हणताना मेसेज मीटर विसरला. चोवीस तास २० वॅट घेणारा डबा महिन्याला १४.४ युनिट खातो. झिऑन आणि वर कार्ड मिळून ९० वॅट धरले तर ६४.८ युनिट. युनिटला १० रुपये धरा: १४४ विरुद्ध ६४८, म्हणजे वर्षाला ६,०४८ रुपयांचा फरक. महावितरणचं बिल टप्प्यांचं असल्याने हे जादा युनिट वरच्या दरालाच पडतात.

राहिला लॅपटॉप. चालतो, मेसेजचा हा मुद्दा शहाणा, आणि लोडशेडिंगमध्ये त्याची बॅटरीच यूपीएस होते. फक्त राउटर आणि फायबरचा डबाही इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि मित्र बाहेर. चोवीस तास चार्जरवर राहिलेली बॅटरी फुगू शकते, म्हणून बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर बांधा, झाकण मिटल्यावर झोपण्याची सेटिंग काढा आणि खालची हवा मोकळी ठेवा. ट्रॅकपॅड वर उचललेला दिसला तर त्याच दिवशी बॅटरी काढून टाका. बॅटरीशिवायच्या डब्याला ६०० व्हीएचा यूपीएस द्या आणि बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. बॅकअप घेताना आधी ‘सेव्ह-ऑफ’, मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’, मग फोल्डरची कॉपी, मग ‘सेव्ह-ऑन’. हा शेवटचा हुकूम विसरलात तर सर्व्हर झकास चालत राहतो आणि काहीच जतन होत नाही.