उभ्या गाडीची थरथर

आमची डिझेल गाडी धावताना अगदी गुणाची आहे. सिग्नलला थांबली की मात्र तिला हुडहुडी भरते. स्टिअरिंग थरथरतं, आरसा थरथरतो, डॅशबोर्डवरचे बाप्पा जागच्या जागी सरकत सरकत एसीच्या जाळीपर्यंत पोचतात. नळ स्टॉपला एकदा शेजारच्या स्कूटरवरच्या आजोबांनी काचेवर टकटक करून सांगितलं, "मिसिंग मारतेय." पुण्यात ही सेवा न मागता मिळते.

त्यानंतर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. ऑफिसात कुणी म्हणालं पंप बदला, कुणी म्हणालं इंजेक्टर गेले. सर्व्हिसिंगवाले म्हणाले, "डिझेल आहे ना सर, एवढं चालायचंच," आणि "एवढं चालायचंच" याचंही बिल लावलं. शेवटी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि निकाल दिला, "ईजीआर. कार्बन धरलाय."

या ईजीआर व्हॉल्व्हचं काम ऐकलं तेव्हा मला गाडीचीच दया आली. सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर हा व्हॉल्व्ह परत वळवतो आणि इंजिनालाच प्यायला लावतो. म्हणजे स्वतःचंच उष्टं! कारण आहे त्याला. या जळक्या हवेत ऑक्सिजन कमी, त्यामुळे आतली आग जरा नरमते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पण धुरातली काजळी आणि इंजिन ऑइलची वाफ यांची वाटेत गाठ पडते, चिकट राप बसतो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो. इंजिन जोरात फिरत असताना ते खपून जातं. स्लोमध्ये आधीच हवा बेताची, त्यात हा धूर. मग गाडी थरथरणार नाही तर काय करणार?

गॅरेजवाल्याकडे दोन उपाय होते. साफ करणे, किंवा मध्ये पत्रा टाकून कायमचं ब्लॉक करणे. "सगळे ब्लॉकच करतात साहेब."

"आणि पीयूसी?"

तो हसला. पीयूसीवाल्याची नळी डिझेल गाडीचा धूर किती दाट एवढंच बघते. नायट्रोजन ऑक्साइड तिच्या गावीही नसतात. म्हणजे जो व्हॉल्व्ह प्रदूषणासाठी बसवला, तो मारून टाकलेली गाडी प्रदूषणाच्या परीक्षेत उलट जास्त मार्कांनी पास. मी नको म्हणालो. मी काही संत नाही, पण आमची बाल्कनी पार्किंगच्या बरोब्बर वर आहे.

शेवटी रविवारी मीच पाना घेतला. इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलेली, कनेक्टर काढलेला, आणि भोवती निम्मी सोसायटी. पुढचे बोल्ट मुकाट्याने सुटले. मागचा दिसायचा तेव्हा हात पोचत नव्हता आणि हात पोचायचा तेव्हा दिसत नव्हता. तळमजल्यावरचे काका टॉर्च धरून होते, पण प्रकाश बोल्टवर कमी आणि माझ्या टकलावर जास्त. "डावीकडे फिरवा," ते दर मिनिटाला सांगत. डावीकडे फिरवायला आधी तो सापडायला नको?

व्हॉल्व्ह निघाला. त्याचं तोंड इतकं भरलं होतं, की जेमतेम करंगळी जाईल. बोट लावलं तर काजळी तार धरून वर आली. व्हॉल्व्हच्या मोटरमध्ये क्लीनर शिरू नये म्हणून मोटर वर, तोंड खाली असा धरून कार्ब क्लीनर मारला, जरा मुरू दिला आणि जुन्या टूथब्रशने घासायला घेतला. व्हॉल्व्ह उघडमिट करणारी पिन ओढायची नाही, स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, हे गॅरेजवाल्याने बजावलं होतं. खाली पसरलेल्या पेपरातल्या 'निसर्गाच्या सान्निध्यात' थ्री बीएचकेच्या जाहिरातीवर काळे ओघळ आले. कितीतरी वेळाने धातूचा रंग दिसला आणि पिन 'टक्' आवाज करून मिटली. काका म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी काय म्हटलं होतं ते मला अजून आठवत नाही.

नवीन गॅस्केट घालून सगळं परत बसवलं, गॅरेजवाल्याने स्कॅनरवरचा एरर पुसला आणि चावी फिरवली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेच्या आसपास येऊन गप्प बसला. बाप्पा हलेनात.

जाताना गॅरेजवाल्याने पथ्य सांगितलं, "नुसती भाजीला नेऊ नका. अधूनमधून हायवेला लांब काढा, इंजिन तापू दे, म्हणजे कार्बन लवकर धरणार नाही." हे नेमकं आमच्या हिच्या कानावर पडलं. गेली काही वर्षं "गाडी धड नाही गं, वाटेत बंद पडायची" या एका वाक्यावर मी कराडची सासुरवाडी यशस्वीपणे टाळत आलो होतो.

"अहो, कराड लांबच आहे ना?" ती म्हणाली, आणि लगेच फोन लावला. सासूबाईंना ईजीआर काय ते कळलं नाही, पण कार्बनची काळजी मात्र मनापासून वाटली. पुढच्या महिन्यातल्या दोन्ही जोडसुट्ट्या त्यांनी तिथल्या तिथे त्यासाठी राखून ठेवल्या.