‘इलेक्ट्रिक गाडी सामान्यांच्या कामाची नाही’ : एक प्रतिवाद

पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. इलेक्ट्रिक गाडी मुंबईला जाऊन परत येऊ शकत नाही, चार्जिंगला आठ तास लागतात, चार वर्षांत बॅटरी बदलावी लागते, पावसात शॉक बसतो आणि वीज शेवटी कोळशाचीच असते, तेव्हा सामान्य माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, असा त्याचा सारांश आहे.

मुंबईच्या मुद्द्यात तथ्य आहे. २०२० मध्ये आलेल्या टाटांच्या पहिल्या नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. कागदावर ३१२ किलोमीटर सांगणारी ही गाडी प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास जाई, आणि मुंबई तर एका बाजूनेच सुमारे १५० किलोमीटर आहे. त्यातून येताना खोपोलीनंतर जवळपास पाचशे मीटरचा चढ लागतो. माणसांसह पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला एरवीच्या खर्चाखेरीज अडीच-तीन युनिट वीज लागते, त्यामुळे घाटात पडद्यावरचे उरलेले किलोमीटर भराभर घसरतात. उतरताना मात्र मोटर जनित्रासारखी चालते आणि यातला बराच भाग परत मिळतो. वाटेत फूड मॉलवर जलद चार्जर आहेत. जोडून सुट्ट्या आल्या की तिथे रांग लागणार, हेही गृहीत धरावे. पण अधूनमधून होणाऱ्या या प्रवासावरून रोजच्या गाडीची परीक्षा करणे योग्य नव्हे. हडपसरहून हिंजवडीला रोज ये-जा करणाऱ्याचेही दिवसाला साठ किलोमीटरच्या आसपास होतात.

आठ तासांचा आक्षेप इथेच निकालात निघतो, कारण साठ किलोमीटरना साधारण नऊ युनिट लागतात आणि पंधरा अँपिअरचा साधा सॉकेट तासाला तीन युनिट देतो. गाडी रात्री उभीच असते.

बॅटरीबाबत फॉरवर्ड सरळ चुकीचा आहे. अनेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. त्यातील अटी, विशेषतः गाडी विकल्यास ती पुढच्या मालकाला मिळते का, हे घेण्याआधी वाचावे. पावसाविषयी एवढेच म्हणता येईल की पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, इलेक्ट्रिक बस २०१९ पासून पुण्याच्या पावसातच धावत आहेत.

कोळशाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. देशातील जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशापासून बनते आणि एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. युनिटला सात किलोमीटर धरले, तर किलोमीटरला शंभर ग्रॅमच्या थोडे वर, आणि वहनातील गळती धरून सव्वाशेच्या घरात आकडा जातो. शहरात चौदाचे अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोल गाडी नुसत्या ज्वलनातून १६५ ग्रॅम सोडते. फरक जाहिरातींत दाखवतात तेवढा नाही, पण आहे. शिवाय धूर विद्यापीठ चौकात, दुचाकीस्वाराच्या तोंडावर निघत नाही.

खर्चात मात्र मोठी तफावत आहे : युनिटला बारा रुपये पडले तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आत भागते, तर पेट्रोलला सात रुपयांच्या वर जातात. तरीही महिन्याला जेमतेम तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, कारण दरमहा दीड हजाराच्या बचतीतून किमतीतला काही लाखांचा फरक भरून निघायला पुष्कळ वर्षे जातील.

खरी अडचण पार्किंगची आहे आणि नेमकी तीच या मजकुरात नाही. मीटर रूमपासून आपल्या जागेपर्यंत योग्य जाडीची केबल, स्वतंत्र एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग हवे. सैल सॉकेटवर रात्रभर पंधरा अँपिअर ओढले, तर पिना काळ्या पडतात आणि प्लग वितळू लागतो. आगीच्या भीतीने परवानगी अडवणाऱ्या समित्यांनी खरे तर हेच काम अधिकृत कंत्राटदाराकडून करून घेण्याची अट घालावी. पेठांमध्ये ज्यांची गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते, त्यांना मात्र यातले काहीच करता येत नाही; त्यांच्यासाठी तूर्त सीएनजी हाच सोयीचा पर्याय आहे.