किस्सा सांगा, पण नावासकट

हिट गाण्यांमागचे किस्से हल्ली रोज समोर येतात. कवीला ओळी सिगरेटच्या पाकिटावर सुचल्या, संगीतकाराला चाल गाडीत बसल्या बसल्या सुचली, नायिकेशी अबोला होता म्हणून गाण्यात एवढं दर्द उतरलं. ऐकायला मलाही आवडतात. पण या किश्शांबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते आज सविस्तर मांडायचंय. गाणं कुणाचं, हे बऱ्याचदा किस्साच ठरवतो. आणि गाणं कुणाचं हे एकदा ठरलं, की पैसा कुणाच्या घरी जाणार तेही ठरतं.

सॉलोमन लिंडाचंच बघा. दक्षिण आफ्रिकेतला हा झुलू गायक जोहान्सबर्गच्या गॅलो रेकॉर्ड कंपनीत तबकड्या पॅक करायचं काम करायचा. १९३९ मध्ये त्याने आपल्या साथीदारांबरोबर ‘म्बुबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं. तिसऱ्या टेकच्या शेवटाकडे त्याने उंच स्वरात एक सुरावट जागच्या जागी रचून गायली, आणि पुढे अख्ख्या जगाने गुणगुणली ती नेमकी तीच. तबकडी आफ्रिकेत तुफान खपली. हक्क मात्र दहा शिलिंगांच्या बदल्यात कंपनीकडे गेले.

मग हे गाणं अमेरिकेत पोचलं. अमेरिकन लोकगायक पीट सीगर ज्यात होता त्या ‘द वीव्हर्स’ या गटाने ते गायलं आणि श्रेय दिलं पॉल कॅम्पबेल या नावाला. असा कुणी माणूसच नव्हता. पारंपरिक, म्हणजे ज्यांना धनी नाही अशी गाणी घेताना ही मंडळी ते टोपणनाव वापरायची. १९६१ मध्ये ‘द टोकन्स’ या गटाने नवे इंग्रजी शब्द घालून हीच चाल ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ म्हणून गायली आणि ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पुढच्याच वर्षी लिंडा गरिबीत वारला. १९९४ मध्ये डिस्नेच्या ‘द लायन किंग’मध्ये ती पुन्हा वाजली.

‘आफ्रिकेतलं एक जुनं लोकगीत’ हा तेव्हा या गाण्यामागचा किस्सा होता. जंगल, सिंह, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले सूर. कुणालाही आवडेल अशी गोष्ट. पण लोकगीत म्हटलं की रचणारा नाही, आणि रचणारा नाही म्हणजे त्याला द्यायचंही काही नाही. खरी हकीकत कळल्यावर सीगरने लिंडाला हजार डॉलर पाठवले होते, हेही सांगायला हवं. २००० मध्ये रियान मलान या दक्षिण आफ्रिकी लेखकाने सगळा इतिहास खणून ‘रोलिंग स्टोन’मध्ये छापला. २००४ मध्ये वारसांच्या बाजूने डिस्नेवर दावा दाखल झाला. त्याला आधार होता ब्रिटिश साम्राज्याच्या काळातल्या एका तरतुदीचा: रचनाकाराच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात. २००६ मध्ये तडजोड झाली आणि लिंडाच्या मुलींना पैसे मिळाले. चाल तीच होती, फक्त तिच्यामागची गोष्ट बदलली.

इंग्लिश गायिका क्लेअर टोरीचं प्रकरण मला याहून गुंतागुंतीचं वाटतं. जानेवारी १९७३ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइड या रॉक बँडने तिला बोलावलं. शब्द नव्हते, ठरलेली चालही नव्हती. बँडच्या रिचर्ड राइटच्या स्वरसंगतीवर तिने जे सुचेल ते गायलं, रविवारच्या दराने ३० पौंड घेतले आणि घरी गेली. ते गाणं म्हणजे ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. तिचा आवाज काढला तर त्यात काय उरेल, हे ऐकणाऱ्या कुणालाही सांगता येईल. तरी रचनाकार म्हणून नाव एकट्या राइटचं. तिने दावा केला २००४ मध्ये, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि आता सहरचनाकार म्हणून तिचंही नाव असतं. तोवर तीस वर्षं ‘एका बॅकअप गायिकेने कमाल केली’ एवढाच किस्सा सांगितला जायचा. कौतुक भरपूर होतं, हक्काचा मात्र त्यात उल्लेख नव्हता.

आणि ज्याला तेवढंही मिळालं नाही, तो ग्रेगरी कोलमन. ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन बँडचा ड्रमर. १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये त्याने वाजवलेला सहाएक सेकंदांचा तुकडा पुढे हिप-हॉपमध्ये आणि ब्रिटनच्या ‘जंगल’ नावाच्या नृत्यसंगीतात हजारो गाण्यांत कापून चिकटवला गेला. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला.

आपल्याकडे तर नाव लपवायची सोय तबकडीवरच होती. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. ते मधुबालाच्या भूमिकेचं नाव. गायल्या होत्या लताबाई. पडद्यावरच्या बाईच्या नावावर गाणं खपवायचं, हीच तेव्हाची रीत. लताबाईंनी ही रीत मोडायला लावली, रॉयल्टीसाठी भांडल्या. फिल्मफेअरने पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू केलं ते १९५९ मध्ये, आणि पहिलं त्यांनाच, ‘आजा रे परदेसी’साठी. गीतकार-संगीतकारांना मात्र बराच काळ थांबावं लागलं. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सिनेमासाठी करून घेतलेल्या गाण्याचा धनी निर्मात्याला ठरवलं. रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्यांच्याकडून कुणी लिहून घेऊ शकणार नाही, अशी दुरुस्ती झाली २०१२ मध्ये. जावेद अख्तर यांनी ती लढाई राज्यसभेत नेली होती.

वादक आणि अरेंजर, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ बांधणारे, यांच्यापर्यंत हे अजूनही नीट पोचलेलं नाही. ‘शोले’मधली अमिताभची माउथऑर्गनची धून सगळ्यांना पाठ आहे, पण ती वाजवणारे भानु गुप्ता किती जणांना माहीत आहेत? ‘ये दुनिया उसी की’मधला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. ‘रूप तेरा मस्ताना’चा अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचा. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसूझा यांनी बांधला. अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर सर्वांना ठाऊक झाले ते १९७७ मध्ये, तेही ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका पात्राचं नाव म्हणून. त्यांचे शिष्य, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल यांनी गुरूंना दिलेली ती मानवंदना होती.

ताल धरणाऱ्या प्रत्येकाला रचनेत वाटा द्यावा, असं माझं म्हणणं नाही. ठरलेलं मानधन घेऊन लिहून दिलेलं नोटेशन वाजवणं आणि गाण्याला नवी सुरावट देणं यांत फरक आहे, आणि न्यायालयांनाही तो करावाच लागतो. ‘प्रोकॉल हारम’ या ब्रिटिश बँडच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’मधल्या ऑर्गनसाठी मॅथ्यू फिशरला ४० टक्के वाटा मिळाला तो गाणं आल्यावर ४२ वर्षांनी, ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन. वाट्याचे वाद असे किचकटच राहणार. नाव देण्यात मात्र कसलीच अडचण नाही. ॲपवर जुनं गाणं उघडा: गायक, संगीतकार, फार तर गीतकार दिसतील. वादकांची जागा बहुतेकदा रिकामीच.

मनोहारीदा २०१० मध्ये गेले, केरसी लॉर्ड २०१६ मध्ये, भानुदा २०१८ मध्ये. त्या रेकॉर्डिंगला हजर असलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. कुणी कोणता तुकडा वाजवला, हे त्यांना विचारून म्युझिक कंपन्यांनी आत्ताच नोंदवून घ्यावं आणि ॲपवरही टाकावं. आणि गाण्यांचे किस्से सांगणाऱ्या मित्रांनो, पुढच्या व्हिडिओत पाऊस आणि प्रेमभंग जरूर असू द्या, पण सोबत सॅक्सोफोन कुणी वाजवला तेही सांगा.