‘हौसेपायी मुलांना राबवता’ म्हणणाऱ्या पर्वरीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण रागात लिहू नये म्हणून फोन बाजूला ठेवला. सकाळी परत वाचली तरी राग काही कमी झाला नाही, तेव्हा आता लिहितेच.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिकायला घराबाहेर पडण्याआधी मुलांना चार पदार्थ, गॅस, कपडे, बाजार एवढं तरी स्वतःचं स्वतः करता यायला हवं, असा माझा गेल्या आठवड्यातला लेख होता. त्यावर ताईंचं म्हणणं की बारावी, नीट, जेईई यांच्या ओझ्याखाली पोरं आधीच वाकलीयेत, हॉस्टेलला मेस असते, मोबाईलवरून जेवण मागवता येतं, आणि शेवटी या सगळ्यात राबते ती घरातली मुलगीच. इथपर्यंत ठीक होतं. पण शेवटचं वाक्य असं आहे: ‘तुमच्यासारख्या घरी बसलेल्या बायका स्वतःच्या हौसेपायी मुलांना चुलीपुढे उभं करतात आणि वर त्याला संस्कार म्हणतात.’

आता मला सांगा, तुमच्यासारख्या म्हणजे कुणासारख्या? तुम्ही मला कधी भेटला नाहीत, माझं घर बघितलं नाहीत. मी फोंड्याला एका दुकानाचे हिशेब बघते, सकाळी साडेनऊला घराबाहेर पडते ती संध्याकाळी घरी येते. आणि समजा नसते पडत, असते घरात, तरी घरात असलेली बाई बसलेली असते हे तुम्ही कुठल्या घरात बघितलंत? स्वतः बाई असून हे लिहिताना तुमचा हात अडखळला नाही याचं मला जास्त वाईट वाटलं. आणि संस्कार हा शब्द माझ्या अख्ख्या लेखात एकदाही नाहीये. लेख पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं. मुद्दा मांडायला माझी काहीच हरकत नाही, पण एवढ्या तुच्छतेनं कशाला?

एक गोष्ट मी मान्य करते. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मुलांना एक कपसुद्धा विसळायला सांगू नये. त्या दिवसांत त्यांना ताट हातात द्यावं, झोपू द्यावं. यात माझं-तुमचं एकमत आहे.

पण हौस? ऐका मग.

आमच्या घरात मी मुलगी म्हणून दहाव्या वर्षी तांदूळ निवडायला, खोबरं खवायला बसले. माझा थोरला भाऊ मुलगा म्हणून कधी चुलीजवळसुद्धा आला नाही, आईनं येऊ दिलं नाही. आई दुष्ट नव्हती हो, तेव्हा सगळ्याच घरांत तसं होतं. भाऊ डिप्लोमाला पुण्याला गेला, चार पोरं मिळून खोली घेतली, जेवण खानावळीत. खानावळ रविवारी रात्री बंद, सणाला बंद, मालकाच्या घरी लग्न निघालं की बंद. मग गाडीवर मिळेल ते खायचं, मिळेल ते पाणी प्यायचं. दुसऱ्या वर्षी कावीळ झाली. रात्रीच्या बसनं घरी आला तेव्हा दारात उभ्या असलेल्या त्याचे डोळे मी अजून विसरले नाही, हळद घातल्यासारखे पिवळे. आईनं कित्येक दिवस त्याला पेज आणि बिनतेलाचं काहीबाही देऊन उभा केला आणि तो परत गेला, कारण परीक्षा होती. डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं, पण पथ्याचं करणार कोण? आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्यांकडे यायचा. एका संध्याकाळी त्यांच्याकडून हाक आली म्हणून आई धावत गेली, तर हा तिकडून विचारतोय, पेजेला पाणी किती घालायचं? वीस वर्षांचा मुलगा. आईनं सांगितलं, मग घरी येऊन पडवीत बसून रडली. तो त्या वर्षी नापास झाला. हुशार होता, आता नोकरीत चांगल्या जागेवर आहे, पण ते वर्ष गेलं ते गेलं. आमच्या वडिलांनी त्या वर्षाचे पैसे कुठून आणले ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही.

ही माझी हौस. हिच्यापायी मी माझ्या मुलाला पाचवीत असताना कांदा चिरायला बसवला.

आणि अभ्यासाचा वेळ जातो म्हणता, तर तो किती जातो तेही बघू. बारावीनंतर जूनमध्ये बॅग भरताना सगळं एकदम शिकवायला बसलं तर वेळ जातो, भांडणंही होतात. पण लहानपणापासून थोडं थोडं असेल तर मूल ते शिकतंय हे त्याला कळतसुद्धा नाही. आपल्या गोव्यात तर हे नवीन नाहीच. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचा तेव्हा घरातली पोरंच सोलां (कोकमाच्या साली) उन्हात पसरायची, ढग आले की उचलायला धावायची, सुकी सुंगटां, म्हणजे सुकी कोळंबी, डब्यात भरायची. जून-जुलैत मासेमारी बंद, दोन महिने घर कशावर चालवायचं याचा हिशेब आमच्या आज्या मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत करून मोकळ्या व्हायच्या आणि पोरं तो बघत मोठी व्हायची. त्यानं कुणाचं बालपण गेलं असं मी तरी ऐकलेलं नाही.

माझा मुलगा आता बंगळूरला आहे. जाण्याआधी त्याला काय काय येत होतं ते सांगते. बांगडा साफ करता येत होता: पर कापायचे, डोक्यातले कल्ले ओढून काढायचे, पोट चिरून आतलं सगळं काढायचं आणि पाणी लाल दिसेनासं होईपर्यंत धुवायचं. हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, तिरफळं घालताना काळी बी काढून टाकायची हे त्याला माहीत होतं. उकड्या तांदळाला सुरईपेक्षा, म्हणजे साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा, पाणीही जास्त लागतं आणि वेळही, म्हणून तो मोठ्या टोपात शिजवून वेळून काढलेला बरा, हे माहीत होतं. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी गरम करून खायचा नाही हे मी त्याच्या डोक्यात बसवलं, कारण भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात जे विष तयार होतं ते परत गरम करून जात नाही. राइस कुकर घेऊन खोल्यांत राहणारी पोरं नेमकं हेच करतात आणि मग पोट बिघडलं की पाण्याला नावं ठेवतात.

आणि गॅस. चुलीपुढे उभं करता असं तुम्ही लिहिलंत ना, मग हे नीट वाचा. सिलिंडर आला की घेण्याआधी वरच्या कड्याखालच्या पट्टीवर लिहिलेलं बघायचं. ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि पुढे वर्ष. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि असेच पुढचे तीन-तीन महिने. डी-27 असेल तर त्याची पुढची तपासणी 2027 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. तारीख उलटून गेलेला सिलिंडर परत करायचा. टोपी काढून आत काळं रबरी वॉशर आहे का बघायचं, रेग्युलेटर बसवल्यावर जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. वास आला तर गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली जमिनीलगत साठतो, म्हणून दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, बाहेर येऊन 1906 ला फोन करायचा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे शिकवायला एक संध्याकाळ लागते, ताई. परक्या शहरात आपलं मूल दुसऱ्या तीन अजाण पोरांसोबत एका सिलिंडरशेजारी झोपणार असतं, तेव्हा त्या एका संध्याकाळीचा हिशेब तुम्ही नीटच्या मार्कांत कसा करता?

बाकी मेस असते, मोबाईलवर मिळतं वगैरे. असतं, मिळतं. ताप आलेला असताना रात्री अकरा वाजता काय मिळतं ते बाहेर राहिलेल्या कुणालाही विचारा. आणि मुलगीच राबते या मुद्द्याला मी वेगळं उत्तर देत नाही, वर भावाचं लिहिलंय ते परत वाचा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही, कारण मग तुम्हीच म्हणाल की टीका सहन होत नाही. पण पुढच्या वेळी लिहाल तेव्हा माझ्या लेखाबद्दल लिहा. मी घरी बसते की उभी असते ते राहू द्या. पुढचा भाग कपडे आणि इस्त्रीचा आहे, पावसात न वाळलेल्या कपड्यांसकट, तो रविवारी टाकेन.